शर्यतीच्या एंजिनाचा इंधनपुरवठा

उदगीरच्या परिसरात ज्याने विहिरीवर ऑइल एंजिन चालविले आहे, त्याला इंधनाच्या फवाऱ्याची ओळख करून द्यावयास नको. नोझलमध्ये कचरा बसला की एंजिन काळा धूर ओकू लागते, हे त्याच्या नित्य परिचयाचे असते. परंतु त्या एंजिनाचे काम मोठे सरळ. गव्हर्नर त्याला मिनिटास सुमारे १५०० फेऱ्यांवर बांधून ठेवतो आणि पाणी उपसून होईपर्यंत गती बदलण्याचे कारणच पडत नाही.

याच भागातील एखादा विद्यार्थी पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास जातो, 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या चमूत शिरतो आणि हे सुख संपते. अशा गाड्यांत के. टी. एम. ३९०चे, चाकणला तयार झालेले ३७३ घनसेंटिमीटरचे एंजिन पुष्कळदा दिसते. ते १५०० फेऱ्यांवर स्वस्थ उभेही राहिले पाहिजे आणि ९००० फेऱ्यांवर धावलेही पाहिजे.

मिनिटास ९००० फेऱ्या म्हणजे सेकंदास १५०. दोन फेऱ्यांत एक आवर्तन, म्हणून एका आवर्तनास सेकंदाचे अवघे १३ सहस्रांश मिळतात. तीस किलोवॅट शक्तीसाठी प्रत्येक आवर्तनात सुमारे ३३ मिलिग्रॅम पेट्रोल लागते. मिनिटास २५० घनसेंटिमीटर सोडणारा इंजेक्टर एका सहस्रांशात जेमतेम तीन मिलिग्रॅम देतो; तेव्हा तो ११ सहस्रांश उघडा राहिला पाहिजे. उघडझाप होण्यास उरतात दोन. याहून लहान इंजेक्टर बसविला तर ऐन वेगात मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते, ठोके बसू लागतात आणि पिस्टनला भोक पडून वर्षभराची मेहनत एका फेरीत जाते.

म्हणून नवखे हात दुप्पट मोठा इंजेक्टर उचलतात. येथेच खरी चूक होते. एंजिन मंद चालताना पाच मिलिग्रॅम पुरतात. मोठ्या इंजेक्टरला ते सोडण्यास सहस्रांशाहूनही कमी वेळ मिळतो, आणि उघडण्यातच जवळजवळ तेवढा वेळ जात असल्याने मात्रा दर वेळी निराळी पडते. एंजिन अडखळते आणि वळणातून बाहेर पडताना चालकाचा पायच फसतो. शिवाय नियमाप्रमाणे पेट्रोलच्या एंजिनाने सारी हवा २० मिलिमीटरच्या छिद्रातून ओढावयाची असते. हवाच मोजकी, तेथे जादा पेट्रोल जळणार कशाने?

बारा हजारांपलीकडे फिरणाऱ्या एंजिनांत कित्येकदा दोन इंजेक्टर असतात. झडपेजवळचा लहान नेहमी चालतो; हवेच्या वाटेवर उंच बसविलेला दुसरा फक्त वरच्या गतीत उघडतो. त्याच्या फवाऱ्याला वाफ होण्यास वाट मिळते आणि हवाही थंड होते. थेट सिलिंडरात इंधन सोडण्याची रीत १९५४ साली मर्सिडीजने शर्यतीत आणली, आणि २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये त्यासाठी ५०० बारपर्यंत दाब वापरण्याची मुभा मिळाली. तेवढ्या दाबाचा पंप विद्यार्थ्यांच्या पैशात आणि वजनात बसणे कठीणच. त्यांच्या एका सिलिंडराला एकच योग्य इंजेक्टर पुरतो.

मग राहते टाकी. वळणात पेट्रोल एका बाजूस कलते, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्षणभर मिश्रण विरळ होते. टाकीत आडवे पडदे न घातल्यामुळे हिशेबाने निवडलेला इंजेक्टरही तेथे हतबल होतो.