तुळस : एक नाव, अनेक झाडे

(मरोळ येथे शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मरोळच्या एका बाजूस औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या बाजूस आरेचे हिरवे रान. या दोहोंमधील दाट वस्तीत अंगणे फारशी उरली नाहीत. तरी गॅलरीच्या कठड्यावर, डब्यात वा कुंडीत तुळस टिकून आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तिची लग्ने लागतात. आषाढीच्या वारीत स्त्रिया तिचे वृंदावन डोक्यावर घेऊन पंढरीस जातात आणि तिच्या काष्ठाचे मणी वारकऱ्यांच्या गळ्यात असतात.

परंतु आपण तुळस म्हणतो ते एकच झाड नव्हे. हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट देठापानांची कृष्ण तुळस ही एकाच जातीची दोन रूपे होत. रान तुळस निराळी. ती पुरुषभर उंच वाढते, तिची पाने मोठी आणि वास उग्र, पुष्कळदा लवंगेसारखा असतो. सब्जाही याच कुळातील. त्याचे बी पाण्यात फुगते आणि उन्हाळ्यात सरबतात व फालुद्यात घालतात. कापूर तुळस मूळची पूर्व आफ्रिकेतील. तिच्या तेलापासून कापूर मिळतो. काढ्यासाठी ती घरच्या तुळशीऐवजी वापरू नये. नाव सारखे म्हणून गुण सारखे, असे मानणे योग्य नाही.

सर्दी-पडशावर तुळशीची पाने, आले, मिरी व गूळ यांचा काढा देण्याची रीत जुनी आहे. पानांचा रस मधातूनही देतात. मात्र एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. काढ्याने घशास आराम वाटतो, हे खरे. पण खोकला २ आठवड्यांहून अधिक टिकला, तर काढ्याच्या भरवशावर दिवस काढणे धोक्याचे आहे. तो क्षयरोग असू शकतो. थुंकीची तपासणी व क्षयाची औषधे शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात. उशीर झाल्यास रोग्याबरोबर घरातील मुलेबाळेही संकटात येतात.

शिक्षकांना एवढीच विनंती, की मुलांना आपापल्या घरची तुळशीची डहाळी आणावयास सांगावे. पाने चुरून वास घ्यावा, देठांचा रंग पाहावा, फरक वहीत टिपावा. त्याच पानावर २ आठवड्यांच्या खोकल्याची सूचनाही लिहून द्यावी. ती वही घरी जाईल आणि वडीलधाऱ्यांच्या वाचनात येईल. तुळशीवरील श्रद्धेस ज्ञानाची जोड मिळाली, तर ती घराचे अधिकच रक्षण करील.