हायड्रिलाला किती उजेड हवा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पारनेरसारख्या गावात काचेची पेटी ठेवून मासे पाळायचे म्हटले की पहिला प्रश्न दिव्याचा नसतो, पाण्याचा असतो. घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, 'इथे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तुमचे मासे मजेत पोहताहेत?' प्रश्न रास्त आहे. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरसाठी हंडे रांगेला लावले नाहीत असे घर इकडे शोधावे लागेल. आजचा दिव्याचा विषय मी घेतला तो याच प्रश्नामुळे. दिवा योग्य असला तर पेटीतली वनस्पती वाढते. ती वाढली की माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया शोषून घेते, आणि पाणी बदलावे लागते ते अगदी थोडे. त्या उन्हाळ्यात माझ्या ६० लिटरच्या पेटीतून पंधरवड्याला एक बादली पाणी निघत होते, आणि तेही तुळशीला आणि कढीपत्त्याला जात होते.

विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उदाहरण शाळेतलेच देतो. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उपडे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की बुडबुडे वर येऊ लागतात, सावलीत नेले की मंदावतात. याचे मूळ १७७९ सालापर्यंत जाते. यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरांनी तेव्हा दाखवून दिले होते की पाण्यात बुडवलेली हिरवी पाने प्राणवायू सोडतात, पण फक्त उजेडात. पुढे १८८२मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून पडलेले सप्तरंग टाकले आणि पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. ते जिवाणू दोन ठिकाणी गोळा झाले, तांबड्या उजेडात आणि निळ्या उजेडात. हिरव्या पट्ट्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. उजेड मोजायला त्या माणसाने जिवाणूच कामाला लावले!

आता दुकानात जाऊ. माशांच्या दुकानात पेटीबरोबर बहुधा निळा किंवा गुलाबी दिवा गळ्यात मारला जातो. त्यात मासे चमकतात, गिऱ्हाईक खूश होते. निळाभोर दिवा खरा उपयोगी पडतो तो समुद्री प्रवाळांच्या पेटीत. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींना तांबडा आणि निळा दोन्ही असलेला साधा पांढरा उजेड चालतो. विजेच्या दुकानात जो 'कूल डे लाइट' म्हणून मिळतो आणि ज्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेले असते, तो घ्यावा. पिवळसर २७०० केल्विनच्या दिव्यातही पाने वाढतात, पण हिरवा रंग मळकट दिसतो. हा आपल्या डोळ्यांचा प्रश्न आहे, झाडाचा नव्हे.

किती उजेड घ्यायचा? जुन्या पुस्तकांत गॅलनला दोन वॅट असा हिशेब सापडतो. तो ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडी तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड देतो, म्हणून वॅट विसरा आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा वाचा. छंदिष्टांचा ढोबळ आडाखा असा: सोशिक वनस्पतींना लिटरमागे १० ते २० ल्युमेन, मध्यम मागणीच्या वनस्पतींना २० ते ४०, आणि लालभडक पानांच्या नखरेल वनस्पतींना त्याहून जास्त. दोन फूट लांबीच्या ६० लिटरच्या पेटीला म्हणजे ६०० ते १२०० ल्युमेन पुरतात. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. रोज ८ तास लावला तर महिन्याला दोन-सव्वादोन युनिट वीज. मात्र एकच बल्ब मध्यभागी टांगला की कडा अंधारात राहतात. त्यापेक्षा दोन फुटी एलईडी पट्टी बरी. झाकण आतून पांढरे रंगवले की वाया जाणारा उजेडही खाली येतो.

पेटीची उंचीही बघा. आमच्या तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात ते प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. अरुंद, खोल खळग्याच्या तळाशी ऊन पोहोचते ते डोक्यावर आल्यावरच. उंच, निमुळत्या पेटीचे तसेच होते. सव्वा फुटापेक्षा खोल पेटी नवख्याने घेऊच नये.

आता ज्यात बहुतेक पेट्या बिघडतात तो भाग. उजेड कमी पडला तर झाड हळूहळू वाळते, पण उजेड जास्त झाला तर आठवड्याभरात काचेवर हिरवा थर चढतो. कारण नुसत्या उजेडावर झाड वाढत नाही, त्याला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि हा वायू हवेपेक्षा साचलेल्या पाण्यात सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. झाड अडखळते आणि थोडक्यात भागवणारे शेवाळ पुढे जाते. जपानचे ताकाशी आमानो यांनी सजवलेल्या पेट्यांची छायाचित्रे पाहून कोणीही भारावेल. २०१५ साली निधनापूर्वी त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची पेटी उभी केली. पण तशा पेट्यांतला प्रखर उजेड पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि खतांच्या जोरावर पचतो. सिलिंडर नसेल तर तसला दिवा आणू नका.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते. बोअरचे पाणी जड, म्हणजे बायकार्बोनेटने भरलेले. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची वनस्पती, दोघींना त्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेता येतो. शाळेच्या प्रयोगात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचो तो याचसाठी. पानांवर पांढरी खरखरीत पूड दिसली तर घाबरू नका, तो चुना आहे. आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी वाटते त्या गप्पी माशांनाही असले पाणी मानवते. हायड्रिला तर भर उन्हाच्या शंभराव्या हिश्श्यातही तग धरते. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात ती फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या तळ्यांत तण म्हणून माजली. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठची क्रिप्टोकोरिनही कमी उजेडात भागवते. याच सह्याद्रीतली लाल रोटाला मॅक्रँड्रा मात्र भरपूर उजेड मागते. तिच्या नादी सुरुवातीला लागू नये.

फुकटचे ऊन वापरू म्हणून पेटी खिडकीत ठेवणारे बरेच भेटतात. दुपारच्या थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. तेवढा पेटीला नकोच, शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पाणी इतके तापते की मासे वर येऊन धापा टाकतात. पेटी आतल्या भिंतीला ठेवा. दिवा सुरुवातीला ६ तास, झाडे रुजली की ८ तास. आपण घरी असतो ती वेळ धरून दुपारी १ ते रात्री ९ ठेवला तरी झाडांची तक्रार नसते. मध्येच वीज गेली तर दोन-तीन तासांच्या खंडाने काही बिघडत नाही. फक्त साधा टायमर तेवढा मागे पडतो, वीज आल्यावर पुन्हा लावून घ्यावा. वायर बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही.

दिवा बरोबर बसला की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दिवा लावून तीन-चार तास झाले की हायड्रिलाच्या पानांजवळ डोळे न्या. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसले तर काम चालू आहे. शेंडे लांबच लांब, पाने विरळ आणि फिकट असतील तर पट्टी चार बोटे खाली आणा. काच हिरवी होऊ लागली तर एक तास कमी करा, आणि दोन आठवडे काही बदलू नका. झाडाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतोच.