सिंह, अस्वल आणि मधला अमीर



दिवसभर कोड लिहिणारी मी सुट्टीत लंडनच्या जुन्या ‘पंच’ साप्ताहिकाची पानं जमवते, हे ऐकून काहीजण हसले. हसा! १८४१ मध्ये ते हसवायलाच निघालं होतं.

माझं लाडकं पान नोव्हेंबर १८७८चं, लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं. चित्रकार जॉन टेनियल. ‘ॲलिस’ची चित्रंही त्याचीच. मधे हवालदिल अफगाण अमीर शेर अली, एकीकडे रशियाचं अस्वल, दुसरीकडे ब्रिटिश सिंह. दोघंही म्हणे त्याचे मित्र! त्याच महिन्यात सिंहानं चढाई केली. अमीर काबूल सोडून रशियाची मदत मागायला उत्तरेला गेला. अस्वल काही आलं नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मझार-ए-शरीफला वारला. (बाई, हे युद्ध परीक्षेला दोन मार्कांना यायचं, आठवतं?)

चित्र नेमकं आहे, पण हल्ली मी त्यात नसलेल्यांना शोधते. जुलै १८८० मध्ये मैवंदला इंग्रज हरले, तेव्हा बॉम्बे ग्रेनेडिअर्सचे हिंदी शिपाईही तिथे पडले. सिंहाचे पंजे म्हणजे हीच माणसं. टेनियलनं आयाळ केस न् केस रेखाटली. शिपाई एकही नाही.

पान सोबत आणलंय. जेवणानंतर जरूर बघा, फक्त हात पुसून या!