बातमीतले हसू

(हीरक महोत्सवानिमित्त कुंभकोणम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या भाषणात शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा सचिवांच्या अहवालात आलेला असल्यामुळे आज मी एका लहानशा विषयावर बोलणार आहे. विषय लहान असला तरी गेली काही वर्षे तो माझ्या मनातून जात नाही.

आपल्या परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष झाले की बातम्या होतात. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी थरथरत्या हातांनी कागद धरून त्या वाचल्या आहेत. आजही मुले वाचतात. पण आता हात थरथरत नाहीत. पुरात इतके बुडाले, अपघातात इतके ठार, युद्धात इतके बेघर, हे सारे सहावीतले मूल हजेरी घ्यावी तशा एकसुरी आवाजात वाचून जाते आणि खाली बसते. मुले घाबरली असती तर मला कमी काळजी वाटली असती. भीतीची समजूत काढता येते. बधिरतेची समजूत कशी काढावी?

काही पालक सुचवतात की, बाई, बातम्या बंदच करा. पण घराघरांतल्या फोनवर दिवसभर जे येते ते परिपाठ बंद केल्याने थांबणार आहे का? म्हणून आम्ही बातम्या बंद केल्या नाहीत. उलट एक वाढवली. तीन गंभीर बातम्यांनंतर चौथी बातमी विचित्र असावी, असे ठरवले. अट एवढीच की ती खरी असली पाहिजे आणि हसून झाल्यावर वर्गाने तिच्याविषयी एक तरी प्रश्न विचारला पाहिजे.

पहिल्या काही दिवसांतच एका मुलीने ऑक्टोबर २०२२ मधली एक बातमी शोधून आणली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी ३२ एकर जमीन गावात राहणाऱ्या माकडांच्या नावे नोंदलेली आहे. कागद आहे, नोंद आहे. पण ती कोणी आणि केव्हा केली, हे गावात कोणाला सांगता येत नाही. पूर्वी गावात लग्न असले की आधी माकडांना मान मिळे. सगळी शाळा हसली. मग प्रश्न आला, "शेतसारा कोण भरतं?" त्या प्रश्नामागून सातबारा म्हणजे काय, जमीन कोणाची, माणसाच्या आधी इथे कोण राहत होते, असे प्रश्न येत गेले. भूगोलाच्या तासाला जे मी वर्षभरात शिकवू शकले नसते, ते एका माकडाने दहा मिनिटांत शिकवले.

मात्र प्रत्येक विचित्र बातमी इतकी निर्धोक नसते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी एक मोर्चा काढला. बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत हे नवरदेव जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मागणी एकच, आम्हाला नवरी मिळवून द्या. वर्गात हशा पिकला, मलाही हसू आवरले नाही. मग आठवीतल्या एका मुलाने विचारले, "मुली गेल्या कुठे?" आणि वर्ग गप्प झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही आकडा तिथे आला. त्या नवरदेवांच्या निवेदनातही या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशी मागणी होती. घोड्यावरचा तो नवरदेव हास्यास्पद दिसतो. पण त्याच्यामागे जन्मालाच न आलेल्या मुलींची रांग उभी आहे. हा आकडा मी नुसता वाचून दाखवला असता तर मुलांनी तो वहीत उतरवून घेतला असता आणि परीक्षेनंतर विसरून गेली असती. हसल्यामुळे त्यांची नजर त्या बातमीवर टिकली, आणि नजर टिकली म्हणून प्रश्न सुचला.

आणखी एक भेद मुलांना शिकवावा लागतो, तो म्हणजे आपण कोणाला हसतो. २०१९ साली भोपाळमध्ये पाऊस पडावा म्हणून बेडकांचे लग्न लावले आणि पाऊस अनावर झाल्यावर सप्टेंबरमध्ये त्याच जोडप्याचा काडीमोड केला. ही बातमी ऐकून कोण हसणार नाही? पण १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सुटणार की नाही, याकडे डोळे लावून बसणारी कुटुंबे आपल्याच कावेरीकाठी आहेत. पावसाची वाट पाहणाऱ्याची चेष्टा आपण करू नये. काडीमोडाला हसावे, त्यामागच्या काकुळतीला नाही.

आणि काही वेळा ज्याच्यावर अन्याय झाला तोच हसण्याचे शस्त्र हाती घेतो. उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याच्या लालबिहारींना महसुली दफ्तराने मृत ठरवले होते. जमीन नातलगांच्या नावे झाली होती. अर्ज करून कोणी ऐकेना. तेव्हा त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' असे लावले, आपल्यासारख्या कागदोपत्री मेलेल्यांचा संघ काढला आणि १९८९ मध्ये अमेठीत थेट राजीव गांधींविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. मेलेला माणूस उमेदवार कसा, असे लोकांनी विचारावे, हाच त्यांचा हेतू होता. १९९४ मध्ये दफ्तराने त्यांना जिवंत मानले. ही लढाई त्यांनी रडून लढली असती तर त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले असते का, अशी मला शंका आहे.

हे काही नवे शास्त्र नाही. कीर्तनकार गहन निरूपण करता करता मध्येच एक गमतीची गोष्ट सांगतो. पेंगणारा श्रोता जागा होतो, आणि जागा झालेल्या श्रोत्याला पुढचा बोध लागू पडतो. तंजावरच्या मराठी राजवटीत हे कीर्तन या भूमीत रुजले, त्याच्या वळणावर इथली हरिकथा घडली आणि आपल्या साकी-दिंडी तमिळ भागवतरांच्या मुखी गेल्या. एकनाथांच्या भारुडांतही हसवता हसवता जागे करण्याचीच रीत आहे.

आपल्या गावाने आणखी एक उदाहरण जगाला दिले आहे. ज्यांचे बालपण इथल्या सारंगपाणी सन्निधी वीथीत गेले, ते रामानुजन इंग्लंडमध्ये पुटनी येथे आजारी असताना प्राध्यापक हार्डी त्यांना भेटायला गेले. आपल्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ अगदीच नीरस होता, असे हार्डी म्हणाले. रामानुजन उत्तरले की तसे नाही; दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. शरीर खंगलेले, घर हजारो मैल दूर. तरी समोरच्या वस्तूतले नवल टिपणारी नजर शाबूत होती. मला मुलांमध्ये जपायची आहे ती हीच नजर.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे गेले तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. १६ जुलै २००४ रोजी याच गावातल्या एका शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. त्या दिवशी आपले गावच जगाची वाईट बातमी झाले होते. त्या बातमीत हसू नाही आणि कोणी ते शोधूही नये. पण त्यानंतर राज्यभर शाळांवरची झावळ्यांची छपरे उतरवण्याचे आदेश निघाले, ते लोकांनी त्या बातमीकडे पाठ फिरवली नाही म्हणून. वाईट बातमी ऐकण्याचे सामर्थ्य समाजात असावे लागते. बधिर झालेला समाज छपराकडे वर पाहत नाही.

म्हणून मुलांना हसवायचे ते दुःखाचा विसर पडावा म्हणून नव्हे; ज्या दिवशी रडण्याची आणि धावून जाण्याची वेळ येईल, त्या दिवशी त्यांचे मन जिवंत असावे म्हणून. हसू न येणाऱ्या मनाला रडूही येत नाही, हे मी वर्गात पाहिले आहे.

पालकहो, माझे मागणे मोठे नाही. रात्री सर्वजण जेवायला बसाल तेव्हा फोन बाजूला ठेवून एखादी विचित्र बातमी मुलांना सांगा. आपण घरी बोलतो त्या मराठीत सांगा. गल्लीतले तमिळ शब्द तीत आले तरी बिघडत नाही, आपली भाषा इथे अशीच तीनशे वर्षे नांदली आहे. बातमी खरी आहे ना, हे आधी पाहून घ्या. मुलांबरोबर मनापासून हसा. आणि मग त्यांना एक प्रश्न विचारू द्या. उत्तर तुम्हाला आले नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न शाळेत पाठवा. आम्ही त्याची वाट पाहू.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही जिथे असाल तिथून आम्हाला चौथी बातमी पाठवत राहा. परिपाठाला ती रोज हवी असते.