रक्ततपासणीचा कागद



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही काही वैद्य नव्हे, जुने मास्तर. परंतु कळंब, परंडा, उमरगा अशा गावांहून बांधव तपासणीचे कागद आमच्याकडे वाचून घेण्यास आणतात. 'लोह कमी' हे शब्द ऐकून कोणी घाबरतो, तर कोणी गूळ-शेंगदाणे खाऊन निश्चिंत होतो.

हिमोग्लोबिन म्हणजे घरातील पिठाचा डबा आणि फेरिटिन म्हणजे पेवातील साठा, असे समजावे. डबा भरलेला असताही पेव तळाला गेलेले असू शकते. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन स्त्रीस १२ व पुरुषास १३ ग्रॅमांहून कमी असल्यास रक्तक्षय मानतात. फेरिटिन मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमांखाली गेल्यास साठा संपला. मात्र अंगात ताप वा सूज असता फेरिटिन वाढलेले दिसते आणि कमतरता झाकली जाते. 'सीरम आयर्न' हा आकडा तर सकाळ-संध्याकाळ बदलतो. एकट्या त्यावर निवाडा करू नये.

पुढचा प्रश्न असा, की लोह गेले कोठे? भगिनींच्या बाबतीत मासिक पाळी, बाळंतपणे आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खाणे, ही कारणे उघड आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ रक्तक्षयी आढळल्या. परंतु साठी उलटलेल्या पुरुषाचे अथवा पाळी गेलेल्या स्त्रीचे लोह कमी झाले, तर रक्त आत कोठेतरी झिरपत नाही ना, हे प्रथम पाहावे लागते. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठरात पडलेला व्रण, मूळव्याध, प्रसंगी आतड्याचा कर्करोगही त्यामागे असतो. आमच्या वयाची मंडळी ही दुखणी संकोचाने लपवितात. टॉनिकच्या बाटलीने आकडा सुधारेल, रोग मात्र आत वाढत राहील. अशा वेळी गाव सोडून जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे लागले तरी जावे.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असेही नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. तेथील गर्भवती गिरणी-कामकरणींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो असे त्यांनी दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल ठरले. सरकारी गोळीत आज लोहासोबत तेही असते.

आपल्या ज्वारीच्या भाकरीत लोह आहे, पण अंगी थोडेच लागते. जोडीस लिंबू, पेरू वा आवळा घ्यावा. जेवणावर लगेच चहा घेतल्यास त्यातीलही बरेच वाया जाते. पाहुण्यास चहा तासाभराने दिला म्हणून त्याचा मान कमी होत नाही!

लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, त्यास भिऊन ती सोडू नये. गोळी घेत नसता डांबरासारखे काळे झाल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवण्यास डॉक्टर सांगतात, ते पेव भरण्यासाठी.