समुद्रकाठी घर घेताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मुलं पुण्या-मुंबईला लागली, निवृत्तीचे पैसे हाती आले, आणि हल्ली आपल्या कट्ट्यावर नवाच विषय निघतो: कोकणात समुद्रकाठी घर! आमच्याही घरी तो निघाला. मुलाचा आग्रह दापोलीजवळच्या हर्णैचा. म्हणून थोडी माहिती काढली, ती सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. फार दाट वस्तीच्या गावांत ते 50 मीटर. हे अंतर दलालाच्या पावलांनी मोजू नका, मंजूर नकाशावर पाहा. स्थानिक मच्छीमारांना घरासाठी असलेल्या सवलती आपल्यालाही लागू होतील, असं धरून चालू नका. जागा शेतजमीन असेल आणि आपण शेतकरी नसलो, तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. विसार देण्याआधी वकिलाला सातबारा दाखवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. खारपाणपट्ट्यातल्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. समुद्राजवळची विहीर पावसाळ्यात गोड लागते. मे महिन्यात तिचं पाणी पिऊन पाहा. खाऱ्या हवेनं ग्रिल, कड्या, पत्रे लवकर गंजतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडे छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा डागडुजीचा खर्च आधीच धरायचा.

तिसरी आणि मोठी गोष्ट शेजाऱ्यांची. हर्णै हे दर्यावर जगणारं गाव आहे. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. वादळाची सूचना आली की होड्या आंजर्ले खाडीत आसऱ्याला जातात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत होड्या ओढून घेतात, जाळी दुरुस्त होतात. जाहिरातीत ज्याला ‘समोरची मोकळी जागा’ म्हणतात, तिथे कुणाची तरी जाळी वाळत असतात. ती जागा त्यांच्या पोटाची आहे. वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यानं तिथे घर घेऊच नये.

आणि वर्षातून चार दिवस उघडणारी घरं गावाच्या काय कामाची? आपल्याकडे बंद फ्लॅट वाढले की सभेला कोरम होत नाही, वर्गणी थकते, गच्ची गळते, हे आपण पाहिलंच आहे. गेली 25 वर्षं ही सोसायटी टिकली, कारण इथे माणसं राहिली.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, आधी एक अख्खा पावसाळा तिथे भाड्यानं राहायचं. शेजाऱ्यांनी आपलं म्हटलं, तर पुढचं बघू. तोपर्यंत निवृत्तीची पुंजी बँकेत आणि आम्ही इथेच, तुमच्या शेजारी!