सेल कुठला घालू?



माझं रेडिओ आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. काम झालं, पैसे दिले, की गिऱ्हाईक जाता जाता हमखास विचारतं, "यात आता सेल कुठल्या कंपनीचे घालू?" तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय. काउंटरवर उभ्या उभ्या एका नावात उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण ते उत्तर पुरतं नाही. आज आकाशवाणीनं वेळ दिलाय, म्हणून नीट सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एक आजी दोन सेलांचा ट्रान्झिस्टर पदरात गुंडाळून घेऊन आल्या. पहाटेची भक्तिगीतं त्या त्याच्यावरच ऐकतात. मध्ये चार महिने मुलीकडे राहायला गेल्या, आणि जाताना बटण बंद करायचं राहून गेलं. परत आल्या तर ट्रान्झिस्टर मुका. मी मागचं झाकण उघडलं. एक सेल फुगून खोबणीत घट्ट बसलेला, स्प्रिंगवर हिरवा थर, पितळी पट्टी निम्मी खाल्लेली, आणि सेलनं सोडलेलं पाणी थेट सर्किटपर्यंत गेलेलं. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, सेल तर नवेच घातले होते, नावाजलेल्या कंपनीचे!" त्यांचं बरोबर होतं. कंपनी नावाजलेलीच होती.

मग झालं काय? लहानपणी ज्यांनी सेल फोडून आतली काळी कांडी काढली असेल आणि तिनं फरशीवर रेघोट्या ओढल्या असतील, त्यांना हे लगेच कळेल. ती कांडी कार्बनची. तिच्याभोवती काळा मसाला, आणि बाहेरचा करड्या पत्र्याचा डबा जस्ताचा. वीज तयार होताना खर्ची पडतं ते हेच जस्त. म्हणजे मसाला ज्या डब्यात भरलाय, तो डबाच आतून झिजत जातो. सेल पार संपेपर्यंत यंत्रात राहिला, की डब्याला भोक पडतं आणि आतलं क्षारांचं पाणी बाहेर येतं. हा साधा सेल फार जुना. फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी १८६६ साली तो काचेच्या बरणीत बनवला. त्यात नवसागराचं पाणी असे. आपला कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच नवसागर. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल गासनर यांनी त्या पाण्याची लापशी करून जस्ताच्या डब्यात भरली आणि कोरडा सेल झाला.

दुसरी जात अल्कलाइनची. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लुईस उरी या इंजिनिअरनं ती व्यवहारात आणली. इथं जस्ताची पूड मधोमध, मसाला तिच्याभोवती आणि बाहेर पोलादी डबा. किंमत साध्या सेलाच्या दुप्पट-तिप्पट, पण जिथं जोराचा करंट लागतो तिथं टिकतोही साध्याच्या कितीतरी पट. आणि तिसरी जात पुन्हा चार्ज होणारी.

आता माझा निकाल ऐका. एकाच जातीचे दोन नावाजलेले सेल घेतले, तर त्यांच्यात उन्नीस-बीसचा फरक. दोन जातींमधला फरक मात्र जमीन-अस्मानाचा. म्हणून आधी वस्तू बघा आणि तिला लागेल ती जात घ्या. नाव त्यानंतर.

भिंतीवरच्या घड्याळाला करंट लागतो नावापुरता. साधा पेन्सिल सेल तिथं वर्षभर आरामात चालतो. महागाचा घालण्यात अर्थ नाही. टीव्हीच्या रिमोटचंही तेच. याउलट घरातलं बीपी मोजायचं मशीन घ्या. त्यात हवा भरणारी छोटी मोटर असते. साधे सेल घातले की चार-सहा वेळा मोजल्यावर ती कण्हायला लागते, पट्टा पुरता फुगत नाही, पडद्यावर एरर येते, आणि घरातलं माणूस घाबरून जातं. तिथं अल्कलाइनच घाला. मुलांची मोटरीवर पळणारी खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, यांनाही अल्कलाइन किंवा चार्जिंगचे. चार्जिंगचा सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा असतो, पण बहुतेक खेळण्यांना तो चालतो आणि शेकडो वेळा भरता येतो. रोज सेल खाणारी वस्तू घरात असेल तर तोच परवडतो. मात्र जुन्या पद्धतीचा चार्जिंग सेल नुसता ठेवला तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरतो, म्हणून तो घड्याळात घालू नका.

जात ओळखायची कशी? सेलाच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. नुसतं 'आर ६' असेल तर साधा पेन्सिल सेल, 'एलआर ६' असेल तर अल्कलाइन. तो 'एल' तेवढा शोधा. आणि 'हेवी ड्यूटी' या शब्दांनी फसू नका, बरं का. एवढं दणदणीत नाव वाचून लोक तो भारीतला समजतात, पण तो साध्या जस्ताच्याच जातीतला.

तरीही नावं विचाराल, तर सांगतो. साध्यात एव्हरेडी, निप्पो, पॅनासॉनिक. अल्कलाइनमध्ये ड्युरासेल किंवा एव्हरेडीचाच अल्कलाइन. माझ्या दुकानात मी हेच ठेवतो. रिमोटबरोबर फुकट येणारे बिननावाचे सेल मात्र पहिल्या दिवशीच बाजूला काढा. आणि नावाइतकीच तारीख बघा. उन्हात टांगलेल्या पट्टीवरचे, धूळ खाल्लेले सेल कितीही मोठ्या नावाचे असोत, घेऊ नका. ज्या दुकानात माल रोज खपतो तिथून घ्या. साध्या सेलावर आयएसआयचा शिक्का आहे ना, हेही बघा.

सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. गावाकडे रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी बॅटरीचे सेल असे वाळवून आणखी दोन रात्री काढतो. उबेनं आणि विश्रांतीनं ते थोडी धुगधुगी धरतात, हे खरं. पण त्यांच्या डब्याचा पत्रा तोवर पातळ झालेला असतो, आणि ते पाझरले तर बॅटरीच जाते. रात्री बांधावर साप-विंचवात फिरणाऱ्या माणसाच्या हातातला उजेड भरवशाचाच हवा. तीन सेल लागत असतील तर तिन्ही एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घाला. जुन्यात नवा मिसळला की नवा जुन्याला ओढत राहतो आणि जुना पाझरतो.

एक गोष्ट आयांना कळकळीनं सांगायची आहे. चपटे बटण सेल हल्ली घरभर असतात. गाडीची किल्ली, वजनकाटा, दिवाळीतल्या चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्यासुद्धा. त्यातला सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद असतो. लहान मुलानं गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी करवू नका, केळं खायला देऊन वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा. अशा वस्तूच्या सेलाचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल, तर ती मुलांच्या हाती देऊ नका.

आजींचा ट्रान्झिस्टर सुरू झाला. पट्टी बदलली, खाल्लेल्या जागी तार जोडून झाळली. असे किती तरी रेडिओ मात्र वाचत नाहीत. तुमच्याही घरात कपाटावर एखादी बॅटरी, एखादं खेळणं, जुना रेडिओ पडून असेल. हा कार्यक्रम संपला की ते खाली काढा, झाकण उघडा आणि आतले सेल काढून ठेवा.